साकु

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी
कपाळाला राख लागली आणि डोक्यात वारं शिरलं.
डाव्या बुटात खडा ठेवला,
मलप्रभेच्या काठचा, टोकदार, निवडून आणलेला.
दिवस मावळेपर्यंत पाणी नाही.
अंथरूण गुंडाळून माळ्यावर.
आणि रोज आरशात गालफडं बघायची,
बसली की नाहीत अजून.

खानापूरच्या चर्चात, तिसऱ्या शुक्रवारी,
क्रूसाच्या वाटेवर सातव्या स्थानापाशी,
येशू जिथं दुसऱ्यांदा पडतो,
तिथंच मी पडलो, मेणबत्तीसकट.
त्याच्या पडण्यानं जग उचललं गेलं.
मला उचलायला चौघं लागले
आणि सलाईनच्या दोन बाटल्या.

आईचे काजूच्या कारखान्यातले तीन दिवस बुडाले.
दवाखान्याच्या बाकावर ती काय खात होती
हे मी विचारलं नाही.
पुढं कधीतरी कळलं, चहा. नुसता.
उपास माझा होता,
उपाशी ती राहिली.

कुमसाराला मी पापं सांगितली, मोजून अकरा.
फादर कायतान जाळीपलीकडून म्हणाले,
'इनास, बारावं बुटात आहे.'

भट्टीवर मी चिखलात पाणी ओततो.
अडिवेप्पा मिस्त्री बिडी विझवून बघत उभे.
एका क्षणाला हात वर: 'साकु!'
तो क्षण मला अजून ओळखता येत नाही.
कच्चा माठ उन्हात ठेवला तर
लवकर वाळतो, छान दिसतो,
आणि रात्री सगळे झोपल्यावर तडकतो.
म्हणून सावली. वर ओलं पोतं.
रोज थोडी ओल जाऊ द्यायची, जाते तेवढीच.

साकु म्हणजे पुरे, एवढं येत होतं मला,
माझं कन्नड बाजारापुरतं.
पण मिस्त्री त्यांच्या आईविना वासराबद्दल बोलतात
तेव्हाही हाच शब्द येतो.
साकु म्हणजे पोसणंसुद्धा, जपून वाढवणं.
आपण 'पुरे' म्हटलं की हात मागं येतो.
त्यांच्यात त्याच शब्दानं
दुधाची बाटली पुढं होते.

यंदा माझं सगळं बारीकसारीक.
दुसरा चहा बिनसाखरेचा.
मोबाईल साडेनवाला आईच्या शिवणाच्या डब्यात.
शुक्रवारी मटण नाही,
ते एरवीही परवडत नाही, म्हणून धरत नाही.
धाकटा रोमू हाक मारतो
तेव्हा पहिल्याच हाकेला ओ द्यायची.
ह्याला मात्र खडा चावल्यागत दात आवळावे लागतात.
आणि ईस्टरपर्यंत कुंदा नाही.
बुटात आता फक्त पाय.

परवा अडिवेप्पा उशिरा आले, बेळगावहून,
हातात कुंद्याचा पुडा, दोरी अर्धी सुटलेली.
लेकीचा पाळणा नवव्या वर्षी हलला.
चिखलाच्या बोटांनी त्यांनी तुकडा तोडला,
सगळ्यांत आधी माझ्यासमोर धरला.
'तगो,' म्हणाले, आणि डोळे पुसले,
गालावर मातीचा पट्टा.

'माझा उपास आहे' हे वाक्य
जिभेवर तयारच होतं, इस्त्री करून ठेवल्यागत.
ते गिळलं.
कुंद्यापेक्षा तेच जड गेलं उतरायला.
मग कुंदा. एक घास.
दुसराही, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्याला पुडा पुन्हा पुढं आला
आणि मीच म्हणालो, 'साकु.'
मिस्त्री हसले. माझा उच्चार चुकला असावा.

घरी येताना ठरवलं,
हे कुणाला सांगायचं नाही,
हाच यंदाचा खरा उपास.
आता तुम्हाला सांगून बसलो,
म्हणजे तोही गेला.

बाहेर रोमू हाक मारतोय.
ही दुसरी.